पुतण्या चालतो, आम्ही नाही

आज दुपारी माझ्या जोडीदाराला सोसायटीच्या गेटवर अडवलं. हातात भाजीच्या दोन पिशव्या, डोक्यावर ऊन, आणि नवा वॉचमन म्हणतोय, "अ‍ॅपवर अप्रूव्हल येऊ द्या साहेब." मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. ज्या घराचं लाइटबिल तो भरतो, ज्या घरातल्या कुकरची शिट्टी कधी बिघडली हे माझ्याआधी त्याला कळतं, त्या घरात शिरायला त्याला माझी परवानगी लागते. कारण अ‍ॅपमध्ये तो 'गेस्ट' आहे.

वॉचमनवर राग नाही. स्क्रीनवर दिसतं ते तो करतो. राग सेक्रेटरीवर आहे, आणि सेक्रेटरी म्हणजे कोण, तर लहानपणी माझ्यासोबत चाळीच्या गॅलरीत प्लास्टिकच्या बॉलने क्रिकेट खेळलेला माणूस. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. त्याने मोबाइल काढला, यादी दाखवली. नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, भाडेकरू, नोकर. "बोल, नातं काय टाकू? टेनंट टाकू का?" हे त्याने अगदी मनापासून विचारलं. त्याला सगळं माहीत आहे बरं का. दिवाळीला आमच्याकडे येऊन चकल्या खाऊन जातो. मग मी गप्प बसलोय बघून म्हणाला, "त्यापेक्षा त्याला असोसिएट मेंबर करून घे ना, विषयच मिटेल."

घरी येऊन मी कायदा उघडला. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ साली हाउसिंग सोसायट्यांसाठी नवं प्रकरण घातलं, त्यात असोसिएट मेंबर, म्हणजे मूळ सभासदाच्या संमतीने त्याचे हक्क वापरणारा माणूस, कोण होऊ शकतो याची सरळ यादीच दिली आहे. नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची. संपली यादी.

पुतण्या! पुतण्या वाचला आणि माझं डोकंच फिरलं. का ते सांगतो.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत दोन पुरुष राहायचे. भाडेपावती एकाच्या नावावर, त्यांना सगळी चाळ काका म्हणायची. दुसरे छापखान्यात कंपोझिटर होते. चाळीत त्यांना कुणी वेगळं नाव ठेवलं नव्हतं, नुसतं 'वरचे दोघे' म्हणायचे. वरच्या दोघांना हळदीकुंकवाचं वाण नसायचं, पण अळूचं फदफदं झालं की वाटी जायची. ती वाटी घेऊन जायचं काम माझं. एकदा गेलो तर दार उघडंच, चाळीत दिवसा दार बंद ठेवणं म्हणजे काहीतरी भानगड. काका खुर्चीत बसलेले, आणि दुसरे खाली जमिनीवर, चष्मा नाकावर ओढून, काकांच्या पायाची नखं कापत होते. मला बघून दोघेही दचकले नाहीत. "ठेव तिथं," एवढंच. मी वाटी ठेवली आणि खाली आलो. मला तेव्हा काही 'कळलं' वगैरे नाही. पण दोन पुरुष असेही असू शकतात, ही माहिती मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी त्या खोलीतून मिळाली.

आता लगेच चाळसंस्कृतीच्या आठवणी काढून गळा काढू नका. मान्य आहे, संडास घरात आला ही आमच्या आयांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी क्रांती होती. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायला कुणाला हौस नव्हती.

पण इमारतीची रचना माणसाला काय करू देते, हे मला त्या गॅलरीमुळे समजलं. चाळीत खोलीचं दार थेट सगळ्यांच्या वाटेत उघडतं. त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसतं, आणि रोज दिसत राहिलं की एक दिवस त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. वरच्या दोघांना कधी जाहीर करावं लागलं नाही, समजावून सांगावं लागलं नाही. आता? आता आमच्या जागी पुनर्वसनाचा टॉवर आहे, आम्ही मागच्या बाजूला, विक्रीची इमारत पुढे, दोघांच्या लिफ्ट वेगळ्या, लॉबी वेगळ्या. मजल्यावर समोरासमोर बंद दारं. शेजारच्या घरात बाळ झालं हे मला अ‍ॅपवरच्या डायपरच्या डिलिव्हरीवरून कळलं. कुणी कुणाला बघत नाही, पण नोंद सगळ्यांची होते. कोण आला, किती वाजता, कोणाकडे, कशासाठी. चाळ डोळ्यांवर चालायची आणि डोळेझाकही व्हायची. टॉवर कागदावर चालतो.

माझा एक तरुण मित्र आहे, पंचविशीतला. तो म्हणतो, दादा, मला टॉवरच बरा, लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून असतात, कोण कुणाबरोबर वर गेला याचं कुणाला काही नाही. चूक नाही त्याचं. माझ्या वयाला सुख वाटतं ती ओळख, त्याच्या वयाला पहारा वाटतो. पण त्याला अजून घरमालकाने 'बॅचलर चालत नाहीत, फॅमिलीच पाहिजे' ऐकवलेलं नाही. आम्ही उपनगरात अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर फिरलो तेव्हा मी मावसभाऊ होतो. एका इमारतीत मी आतेभाऊ सांगितलं आणि त्याने मावसभाऊ, मग ब्रोकरने आमच्या दोन्ही आयांची चौकशी केली. हसा, आम्हीही हसतो आता.

बरं, तो काळही काही सोन्याचा नव्हता. 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांचं मासिक १९९०ला निघालं, १९९४ला आमच्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था सुरू झाली, पुढे वाकोल्याला महापालिकेच्या जुन्या इमारतीत त्यांचं केंद्र आलं, तोवर आमच्यासारख्यांना या शहरात उघडपणे जाऊन बसायला एक बाकडं नव्हतं. होत्या त्या फटी. कुलाब्यातला व्हूडू हा पब, तोही शनिवारपुरता. सिंगल स्क्रीन थिएटरचा मागचा अंधार. समुद्राकाठचा कट्टा. या शहराने आम्हाला जागा दिली नाही, नकाशावर नजरचुकीने राहिलेल्या फटी दिल्या. आणि आता रीडेव्हलपमेंटमध्ये सगळ्यात आधी बुजतात त्या फटीच. व्हूडू कधीच बंद झाला. थिएटरं गेली. आमच्या टॉवरमध्ये आगीच्या नियमामुळे रेफ्यूज एरिया, म्हणजे आग लागली तर थांबायची मोकळी जागा, ठेवावाच लागला, वारा खायला तेवढी एकच उघडी जागा, तर कमिटीने तिथे कुलूप लावलं. कारण काय, तर 'पोरं बसतात'. अहो, बसू देत ना!

२००८च्या ऑगस्टमध्ये क्वीअर आझादीचा, म्हणजे आमच्यासारख्यांच्या हक्कांचा मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून चौपाटीकडे निघाला. मी तोंडावर मुखवटा लावून चाललो होतो, तसे बरेच होते. वाटेतल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये बायका, म्हातारे, पोरं उभी. कुणी हसलं, कुणी हात हलवला, एका आजींनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, "कसला गं मोर्चा?" आणि शेजारीण म्हणाली, "मुलांचा आहे." आज त्याच रस्त्यावर पहिले पाच-सहा मजले नुसतं पार्किंग असलेली पोडियम उभी राहताहेत. खालून मोर्चा गेला तर बघणार कोण? गाड्या?

तर पुतण्या. काका वारले ते समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणाऱ्या २००९च्या दिल्ली हायकोर्टाच्या निकालानंतर आणि ११ डिसेंबर २०१३ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला त्याच्या आधी. म्हणजे मधल्या त्या चार-साडेचार वर्षांत, जेव्हा आम्ही कायद्याने गुन्हेगारसुद्धा नव्हतो. चाळ रीडेव्हलपमेंटला निघाली होती, डबल रूमवाले, सिंगल रूमवाले, सगळ्यांच्या तोंडी चौरस फूट. तिसाव्याला गावाहून पुतण्या आला. काका जिवंत असताना गणपतीलाही न फिरकलेला. भाडे नियंत्रण कायदा म्हणतो, भाडेकरू वारला की सोबत राहणारा कुटुंबातला माणूस, तसा कुणी नसेल तर वारस. खोलीत आयुष्य काढलेला माणूस कुटुंब नव्हता. पुतण्या वारस होता. माझे वडील कमिटीत होते. ते जेवताना म्हणाले, "वाईट वाटतं, पण कायद्याने त्याचंच आहे." आई काही बोलली नाही. वर वाट्या पाठवणाऱ्या घरांपैकी एकाही घरातून कुणी पुढे होऊन म्हणालं नाही की थांबा, हे दोघे इथे राहत होते, आम्ही साक्षीदार आहोत. सगळ्या चाळीने बघितलं होतं की! नखं कापताना, ताप आल्यावर रिक्षा आणताना, काकांना खांद्याचा आधार देऊन जिना उतरवताना. खोलीला भाव नव्हता तोवर बघितलं होतं. भाव आल्यावर कुणालाच काही दिसलं नाही.

म्हणून मला 'आमच्या वेळी लोक किती समजूतदार होते' हे ऐकवू नका. समजूतदारपणा फुकट होता तेव्हा होता.

ते दुसरे एक ट्रंक घेऊन गेले. कोणी म्हणालं बहिणीकडे, पनवेलला. तीनशे चौरस फुटांचा फ्लॅट पुतण्याला मिळाला, त्याने तो भाड्याने दिलाय. माझ्या वरच्याच मजल्यावर आहे. भाडेकरूंचं नाव अ‍ॅपमध्ये व्यवस्थित आहे.

६ सप्टेंबर २०१८ला आम्हाला गुन्हेगार ठरवणारं कलम ३७७ गेलं तेव्हा आम्ही दोघे रडलो होतो, खोटं कशाला सांगू. त्याच वर्षी जूनअखेरीस मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारसा झाल्या, आणि मी गमतीने म्हणालो होतो, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने आपण आणि त्या इमारती, दोघेही जपण्यालायक ठरलो. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाचं आमच्या लग्नाला नाही म्हणून झालं. मग ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने कळवलं की जोडीदारासोबत जॉइंट खातं उघडायला, नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही एका घरातले धरा असं केंद्राच्या अन्नखात्याने राज्यांना सांगितलं. म्हणजे तांदळासाठी आम्ही एक घर आणि गेटवर मी मालक, तो पाहुणा.

हो, नॉमिनी करता येतो. हो, इच्छापत्र करता येतं. माहीत आहे, कॉमेंटमध्ये सांगू नका. पण नवऱ्याने राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. मी माझ्या माणसाला अर्धं घर द्यायचं म्हटलं तर बाजारभावावर टक्के मोजायचे, तेही या गिरगावात, या भावात. आणि उद्या मी गेलो तर माझाही एक पुतण्या आहे. गोड पोरगा आहे, मला आवडतो. काकांनाही त्यांचा पुतण्या आवडत असेल.

सेक्रेटरीला आत्ताच मेसेज टाकलाय. अ‍ॅपच्या यादीत 'राहणारा' असा पर्याय घाला, नातं विचारूच नका, सगळ्यांसाठीच. सुनेला, नातवाला, कुणालाच. त्याने अंगठा पाठवलाय, त्याचा अर्थ देवाला ठाऊक. रविवारी सर्वसाधारण सभा आहे, तिथे मी उभा राहून बोलणार आहे, तेही वरच्या दोघांचं उदाहरण देऊन. त्या मजल्यावरची अर्धी जुनी मंडळी सभेला असतात, पुतण्यासकट. इच्छापत्राचा मराठी मसुदा कुणाकडे असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. वकिलाची फी सांगून घाबरवू नका, तेवढी आम्ही दोघे मिळून भरू.