तेल्याच्या डाळिंबाने माणसाला ताप येत नाही

"डाळिंबावरचा तेल्या जीवाणूंमुळे होतो. असं फळ खाल्लं की तेच जीवाणू पोटात जाऊन टायफॉइडसारखा ताप आणतात. म्हणून बागेत दर आठवड्याला स्ट्रेप्टोमायसिन फवारा." मोबाइलवर फिरणाऱ्या या संदेशातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं चूक आहे आणि तिसरं धोक्याचं.

तेल्या, म्हणजे डाळिंबाच्या पानांवर-फळांवर तेलकट डाग पाडणारा रोग, झँथोमोनास या जीवाणूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद 1952 ची, दिल्लीजवळची. सोलापूर-नाशिककडच्या बागा त्याने झोडपल्या त्या बऱ्याच नंतर.

तेच जीवाणू आपल्याला आजारी पाडतात का? नाही. जीवाणू नुसता अंगात गेल्याने रोग होत नाही. झँथोमोनास पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून पानात शिरतो, पेशींमधल्या पोकळीत वाढतो आणि सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं झाडाच्या पेशीत सोडून तिचा प्रतिकार मोडतो. टायफॉइडचा साल्मोनेलाही अशीच नळी वापरतो, पण त्याची प्रथिनं माणसाच्या पेशींवर चालतात आणि आपल्या पांढऱ्या पेशींच्या पोटातसुद्धा तो जगतो. झँथोमोनासची तयारी झाडापुरतीच आहे. अपवाद असतात, तेही सांगायला हवेत: कांदा सडवणारा बर्कहोल्डेरिया सेपासिया पुढे सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसांत घट्ट, चिकट स्राव साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांच्या फुफ्फुसांत सापडला. तेल्याचा जीवाणू मात्र माणसाचा रोगजंतू म्हणून ओळखला जात नाही. सालीवर नुसते डाग असतील तर आतले दाणे खुशाल खा. फळ तडकून आत सडलं असेल तर टाका, कारण तडकलेल्या जागेतून बुरशी आणि इतर जंतू शिरतात.

शेतमालातून आजार येतो, पण तो डागांवरून ओळखता येत नाही. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय हा आतड्यांतला जीवाणू पसरला. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासवर माणसं गेली. तो मेथीचा रोग नव्हताच. म्हणून डाग नसलेलं, चकचकीत डाळिंबसुद्धा धुऊनच सोला.

आता फवारणी. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक. ते पुन्हा पुन्हा फवारलं की त्याला न जुमानणारे जीवाणूच बागेत उरतात. प्रतिकाराची जनुकं एका जीवाणूतून दुसऱ्यात जातात; स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जनुकांची एकच जोडी झाडांच्या आणि माणसाच्या आतड्यातल्या, अशा दोन्ही जीवाणूंमध्ये सापडली आहे. शेतीतला हा वापर थांबवण्याचा मसुदा आदेश केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये काढला, तो याच चिंतेतून.

शिवाय रोगट काडी बागेत तशीच ठेवली तर फवारून उपयोग काय? पावसाचे थेंब तिच्यावरचे जीवाणू शेजारच्या पानांवर उडवतात. काडी डागाच्या दोन इंच खालून छाटा आणि जाळा. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारा. गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं) रोगमुक्त बागेतूनच आणा आणि तेल्या जोरात असेल तिथे पावसात सापडणारा मृग बहार (बहार म्हणजे फुलं-फळं धरण्याचा हंगाम) सोडून हस्त किंवा आंबे बहार धरा.