कॉरोनेशन नक्की कुठे होतं हो?

सकाळपासून फोन उघडला की दादासाहेब फाळके. तोच फोटो, तोच हार, '३ मे १९१३, भारतीय सिनेमाचा जन्म' आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. एका गिरगावकर मित्राला कमेंटमध्ये सहज विचारलं, बाबा रे, जन्म कुठल्या थेटरात झाला? उत्तर आलं, "गूगल कर ना." तेव्हापासून डोकं फिरलंय.

कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल. सँडहर्स्ट रोड, गिरगाव. आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड. २१ एप्रिलला ऑलिंपिया थेटरात बड्या मंडळींसाठी खेळ झाला, पण तुमच्याआमच्यासारख्यांनी तिकीट काढून फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहिला तो ३ मेला, कॉरोनेशनमध्ये. आज तिथे थेटराचा मागमूस नाही. मी त्या रस्त्यावरून कितीदा गेलोय, एखादी पाटीसुद्धा नजरेस पडली नाही.

आमचे बाबा मला शाळेचे कपडे घ्यायला मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरला न्यायचे. आत शिरण्याआधी हमखास थांबायचे. "इथे मॅजेस्टिक टॉकीज होती. 'आलम आरा' इथेच लागला." १४ मार्च १९३१, पहिला बोलपट, गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, सगळं साग्रसंगीत. माझं लक्ष शर्टांकडे. पण ती जागा डोक्यात बसली ती बसलीच. कॉरोनेशनसमोर पोराला असं थांबवणारा कोणी बाप उरलाय का?

मान्य, थेटर चालेनासं झालं तर मालकाने काय भिंती चाटायच्या? गिरगावात जागेचे भाव मलाही कळतात. पाडा. पण पाडल्यावर विसरायची एवढी घाई कसली?

आणि विसरलो तरी काय काय! 'हरिश्चंद्र'ची फिल्म लांबीला अवघी ३,७०० फुटांच्या आसपास. तेवढ्याने पब्लिकचे पैसे कसे वसूल होणार? म्हणून त्याच तिकिटात मिस आयरीन डेल्मारचा नाच, मॅक्लेमेंट्सचं विनोदी प्रहसन आणि पायांनी वस्तू उडवून झेलणारा अलेक्झांडर. पडद्यावर राणी तारामतीच्या वेषात अण्णा साळुंके हा पुरुष नट, आणि आगेमागे हा पायांचा जादूगार! डोळ्यांत पाणी आणून घ्यायचं आणि शिट्ट्याही मारायच्या, एकाच संध्याकाळी. या अलेक्झांडरवर माझा खरंच जीव जडलाय. त्याला कोण हार घालणार? आपल्याला सिनेमाचा जन्म सोवळ्यातला हवा असतो.

बाबांनी ना कधी फाळक्यांच्या फोटोला हार घातला, ना जयंती केली. दुकानाच्या दारात दोन मिनिटं पोराचा हात धरून उभे राहायचे, बस्स.

असो, चिडून झालं. खेतवाडी, गिरगावकडचं कोणी असेल तर आज घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कॉरोनेशन नेमकं कुठल्या इमारतीच्या जागी होतं. गल्ली, नाका, शेजारचं दुकान, जे आठवेल ते लिहा. आणि "गूगल कर" म्हणणाऱ्याने कृपया या पोस्टवर हात जोडू नयेत.