दुसऱ्या उडीला जास्त भीती वाटते, आणि त्यात गैर काही नाही

गेले काही आठवडे स्कायडायव्हिंगबद्दलचा एक मेसेज मुंबईतल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. मला एकटीलाच तो पाच जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पहिली उडी मारली की भीती कायमची संपते. दुसऱ्या वेळी परत घाबरलात तर हा खेळ तुमचा नाही हे ओळखा. लोकलच्या दारात लटकणाऱ्या मुंबईकराला आभाळाची कसली भीती? पॅराशूट यंत्रानं आपोआप उघडतंच. तेव्हा विचार करू नका, डोळे मिटा आणि स्वतःला सोडून द्या. शेवटी स्कायडायव्हर शीतल महाजन यांचा फोटो आणि खाली ओळ: ‘यांनी पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, आणि तुम्ही?’

मी दुर्लक्ष केलं असतं. पण ओळखीतला ठाण्याचा एक मुलगा हा मेसेज वाचून कोर्स सोडायला निघालाय. त्यानं डिसेंबरात टँडम, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन, उडी मारली, हसत हसत खाली आला. मग पैसे साठवून थायलंडला कोर्सला गेला. पहिल्या लेव्हलच्या सकाळी त्याचे हात कापायला लागले आणि तो उडी न मारता विमानात बसूनच परत खाली आला. आता मित्र त्याला हाच मेसेज पाठवताहेत. ‘ताई, मी भित्रा आहे का?’ असं त्यानं मला रात्री अकराला फोन करून विचारलं.

भीती संपते, या पहिल्याच वाक्यात घोळ आहे. टँडममध्ये तुम्ही इन्स्ट्रक्टरच्या छातीशी बांधलेले असता. उंचीवर लक्ष त्याचं, पॅराशूट उघडणार तो, उतरवणार तो. तुम्ही पाय वर घ्यायचे, कंबर पुढे काढायची, बस्स. स्वतंत्र उडीच्या कोर्सची, म्हणजे एएफएफची, पहिली लेव्हल हा निराळाच मामला आहे. दोन इन्स्ट्रक्टर दोन बाजूंनी धरून असतात, पण पॅराशूट तुमच्या पाठीवर, उंची दाखवणारा अल्टिमीटर तुमच्या मनगटावर. साधारण १३,००० फुटांवरून निघायचं आणि ५,५०० च्या आसपास स्वतःच्या हातानं पॅराशूट उघडायचं. मध्ये सुमारे ४५ सेकंद मिळतात. मग रेडिओवरच्या सूचना ऐकत एकट्यानं कॅनॉपी, म्हणजे उघडलेलं पॅराशूट, वळवत उतरायचं. इतकी जबाबदारी अंगावर आल्यावर पोटात गोळा आला, तर त्या माणसाला आपण काय करायला निघालोय ते नीट कळलंय.

शिवाय पहिल्या वेळी डोक्यावर इतकं काही एकदम आदळतं की बऱ्याच जणांना खाली आल्यावर निम्मं आठवतच नाही. दुसऱ्या वेळी दार उघडल्यावर वारा कसा आत घुसतो ते माहीत असतं. माझी दुसरी उडी पहिलीपेक्षा कितीतरी जड गेली. आदल्या रात्री मी एक मिनिट झोपले नाही. आज माझ्या साठ उड्या झाल्यात आणि विमान सुटताना अजूनही तळहात ओले होतात.

भीती वाटली म्हणजे खेळ तुमचा नाही, हे म्हणणं तर अभ्यासानंच खोडून काढलंय. १९६०च्या दशकात वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एप्स्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी नवखे आणि मुरलेले पॅराशूटिस्ट घेऊन उडीच्या वेळेपर्यंत त्यांचे ठोके, श्वास आणि घाम मोजले. नवख्यांचा ताण उडीच्या क्षणापर्यंत चढतच गेला. मुरलेल्यांचाही चढला, पण आधीच शिखर गाठून उडीची वेळ येईतो उतरणीला लागला. घाबरले दोघंही. अनुभवी माणसाची भीती लवकर येऊन जाते, त्यामुळे दारात उभं राहताना त्याचं डोकं मोकळं असतं. ही गोष्ट मला कोणीतरी दुसऱ्या उडीआधी सांगायला हवी होती.

म्हणून मी आता भीतीला सकाळीच वेळ देते. विमानाकडे जायच्या कितीतरी आधी बसून ‘काय बिघडू शकतं आणि तेव्हा मी काय करीन’ हे एकेक करून मनात चालवते. पॅराशूट वेडंवाकडं उघडलं तर आधी कोणतं हँडल, मग कोणतं. हात त्या त्या जागी नेऊन बघते. विमानात मात्र नवं काही उगाळायचं नाही. तिथे श्वास सोडायचा, घेतल्यापेक्षा लांब. श्वास सोडताना ठोके थोडे मंदावतात, हे शरीराचं साधं गणित आहे. नवखा माणूस दारात श्वास कोंडतो, मग पाय ताठ होतात आणि ताठ अंग हवेत हेलकावे खायला लागतं. इन्स्ट्रक्टर अंगठा आणि करंगळी बाहेर काढून हात हलवतो, तो याचसाठी: सैल सोड.

लोकलची तुलना वाचून मला खरोखर राग आला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली. दारात लटकण्यात शौर्य नाही. आत पाय ठेवायला जागा नसते आणि कामावर पोचायचं असतं, म्हणून लोक लटकतात. रोज लटकून भीती मेली तरी धोका तेवढाच राहतो. विमानात मला हीच गोष्ट नको आहे. भीती आहे म्हणून मी हार्नेसचे पट्टे दुसऱ्यांदा तपासते, शेजारच्याला माझी पाठ बघायला सांगते. मुंबईचं उदाहरणच हवं असेल तर गोविंदा पथकांचं घ्या. गुरुपौर्णिमेपासून रात्र रात्र सराव चालतो, कोणाचा पाय कोणाच्या खांद्यावर ते ठरतं. गोकुळाष्टमीच्या दिवशी घशाला कोरड पडत नाही असं त्यातला एकही मुलगा मला अजून म्हणालेला नाही.

यंत्राबद्दलचं अर्धसत्य जास्त धोक्याचं आहे. ठरलेल्या खालच्या उंचीपर्यंत तुम्ही अजून वेगानं पडतच असाल, तर एएडी नावाचं यंत्र राखीव पॅराशूट सोडतं. अनुभवी उडीबाजांच्या नेहमीच्या यंत्रात ही उंची ७५० फुटांच्या आसपास असते. तो शेवटचा आधार आहे. ते मुख्य पॅराशूट उघडत नाही, दिशा देत नाही, तुम्हाला उतरवत नाही. आणि या खेळातले बरेच जीवघेणे अपघात पॅराशूट व्यवस्थित उघडल्यावर, जमिनीजवळ चुकीचं वळण घेतल्यानं होतात. काळजी करायचीच तर उतरण्याची करा. वारा कुठून आहे, मैदान कुठे आहे, शेवटचं वळण किती उंचीवर घ्यायचं, हे पाठ असलं की मनाला धरायला काहीतरी मिळतं.

आणि डोळे मिटा? पोटावर पडताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे दर साडेपाच सेकंदांना हजार फूट जातात. ५,५०० फुटांवर डोळे मिटून बसलेल्या माणसाकडे जेमतेम अर्धं मिनिट आहे. नवख्याला हा सल्ला देणाऱ्यानं अल्टिमीटर हातात तरी घेतलाय का, मला शंका आहे.

आपल्याकडे खरी अडचण सरावात खंड पडण्याची आहे. मुंबईजवळ आठवड्याला जाता येईल असं ठिकाण नाही, कोणी हरियाणात नारनौलला जातं, कोणी परदेशात, आणि दोन उड्यांमध्ये महिने जातात. तेवढ्यात भीती पुन्हा पहिल्यासारखी होते. अमेरिकेच्या यूएसपीए या पॅराशूट संघटनेच्या शिफारशीत शिकाऊ माणसाचे ३० दिवस उडीविना गेले तर पुढची उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली घ्यायला सांगितलंय. तेव्हा मागे पडलो म्हणून लाजू नका, उजळणी मागून घ्या. घरी गादी खाली टाकून पालथं पडायचं, कंबर दाबायची, छाती उचलायची, मनगट बघायचं, हात मागे हँडलकडे. मी मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये पावसाळाभर हेच केलं.

राहिला तो फोटो. शीतलताईंनी १८ एप्रिल २००४ ला उत्तर ध्रुवावर पहिली उडी मारली, हे खरं आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतरही त्या उड्या मारत राहिल्या, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर उडी घेतली. इतक्या वर्षांच्या कामातला एकच दिवस उचलून तो ठाण्याच्या एका पोराच्या अंगावर फेकायचा, हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

उडी न मारता विमानातच परत येणं हाही कोर्समधला मान्य निर्णय आहे. त्या मुलाच्या इन्स्ट्रक्टरनं त्याला तेच सांगितलं होतं, पण मित्रांच्या मेसेजांखाली ते बुडालं. रविवारी तो आमच्याकडे येतोय. गादी खाली टाकून ठेवणार आहे.