तुमच्या एक स्टार रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. त्या दिवशी दीड तास बसावं लागलं आणि काउंटरवर तुमच्याशी नीट बोललं गेलं नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण "कानामागची गाठ कापूनही परत आली, पैशासाठी मुद्दाम महिन्या-महिन्याला बोलावतात" हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. तुमची कानाची फाटलेली पाळी आधी दुसरीकडे शिवली होती, टाक्यांच्या जागी केलॉइड झालं, म्हणजे व्रणाचीच वाढत जाणारी गाठ, त्यात त्या डॉक्टरांचीही चूक नाही, काहींच्या कातडीचा गुणच तसा असतो, जखम भरली तरी व्रण थांबत नाही, मूळ जागेच्या बाहेर पसरत जातो. म्हणून कापायच्या आधीच मी सांगितलं होतं की नुसती कापली तर निम्म्याहून जास्त लोकांना परत येते, खरं काम पुढचं, दर 4 आठवड्यांनी गाठीत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि पाळीला दाबाचा चाप, रात्री झोपतानासुद्धा, निदान 6 महिने. तारखा तुमच्या फाइलवर लाल पेनने लिहून दिल्या होत्या.

दुसऱ्या इंजेक्शनला तुम्ही आलात 11 आठवड्यांनी. घरात लग्न होतं, समजू शकतो, पण चाप पर्समधल्या डबीत कापसात जसाच्या तसा होता आणि कानात वजनदार झुबे. तोवर आत कडक दाणा धरला होता, अशा गाठीत औषध सहज शिरत नाही, सिरिंजवर अंगठ्याने जोर लावावा लागतो, म्हणून त्या दिवशी जास्त दुखलं. हात जड आहे असं लिहिलंय तुम्ही, ते लागलं मनाला. आणि 600 रुपयांत औषध, सुई, ड्रेसिंग सगळं येतं, दोनदा तपासणी फी घेतलेली नाही, पावत्या बघा.

गाठ अजून लहान आहे, इंजेक्शनने बसू शकते. नाहीच बसली तर परत कापून एक-दोन दिवसांत रेडिएशन सुरू करतात, ती सोय आमच्याकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देईन. अपॉइंटमेंटचं आणि तारखेच्या आठवणीच्या मेसेजचं आम्ही काहीतरी करतोय. शनिवारी 4 नंतर गर्दी नसते, या, चाप घेऊन या. आणि जमलं तर मधल्या तारखा चुकल्या होत्या एवढं तरी रिव्ह्यूत लिहा, नवीन पेशंट आधी तेच वाचतात.