बिनपगारी वाटाड्या

डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो आणि त्या काळात आमच्याकडे येण्याची इच्छा एकाही नातेवाइकाला होत नाही. जून उजाडला की मात्र विमानाची तिकिटे स्वस्तात मिळाल्याचे फोन सुरू होतात. तेव्हा इथे रात्री दहापर्यंत लख्ख उजेड असतो. पर्यटकांना त्याचे अप्रूप वाटते. यजमानाला घाम फुटतो, कारण ‘चला, अंधार पडला, आता घरी जाऊ’ या ज्या एका वाक्यावर जगातल्या समस्त वाटाड्यांची मदार असते, ते इथे उच्चारण्याची सोयच नाही.

त्यातून या शहराने आपली निम्मी आकर्षणे युरगोर्डेन नावाच्या एकाच बेटावर मांडून ठेवली आहेत. वासा जहाजाचे संग्रहालय, नॉर्डिक संग्रहालय, स्कान्सेन, अ‍ॅबा या गायकवृंदाचे संग्रहालय आणि ग्रोना लुंद ही पाळण्यांची बाग, सारे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. त्यामुळे ‘ते फार लांब आहे, पुढच्या खेपेस पाहू’ ही दुसरी सबबही बाद होते आणि ‘शेजारीच तर आहे, उरकून टाकू’ हे पाहुण्यांचे पालुपद दिवसभर ऐकावे लागते.

यंदा काका-काकू आले. काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले असून, डोळ्यांपुढची प्रत्येक वस्तू देयक मंजुरीसाठी समोर आली आहे, अशा नजरेने ते जगाकडे पाहतात. वासापुढे उभे राहून मी माझे पाठ केलेले व्याख्यान सुरू केले. १० ऑगस्ट १६२८ रोजी, काठावर जमलेल्या गर्दीच्या देखत, ६४ तोफांचे हे राजेशाही लढाऊ जहाज पहिल्याच सफरीवर निघाले, जेमतेम १,३०० मीटर गेले, वाऱ्याच्या झोताने कलले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि ते बुडाले. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा तग धरत नाही, म्हणून ३३३ वर्षे ते तळाशी टिकून राहिले आणि १९६१ मध्ये वर काढल्यावर लाकूड आक्रसू नये यासाठी त्याच्यावर १७ वर्षे रसायनाचा फवारा मारला गेला. इथे पाहुण्यांनी ‘अबब’ म्हणावे, अशी अपेक्षा असते.

काकांनी विचारले, “चौकशी लागली का?”

लागली होती. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळवून जहाजाची चाचणी घेण्यात आली होती. जहाज इतके डोलू लागले की नौदलाच्या अधिकाऱ्याने चाचणीच थांबवली. “म्हणजे प्रतिकूल अहवाल येण्याआधीच चाचणी बंद केली,” काका समाधानाने म्हणाले, “आणि उद्घाटन पुढे ढकलले नाही.” जहाज बांधणारा मुख्य कारागीर आदल्याच वर्षी वारला होता, हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. मापे खुद्द राजाने मंजूर केली होती, दोष कोणाचा असे विचारल्यावर कारागिराच्या भागीदाराने ‘देव जाणे’ असे उत्तर दिले होते आणि शेवटी कोणालाही शिक्षा झाली नाही, इथवर येईस्तोवर तर काका स्वीडनच्या प्रेमात पडले होते. पुढचा तासभर त्यांनी ६९ मीटर लांबीच्या त्या जहाजाकडे पाठ करून मला खात्याच्या जुन्या चौकश्यांच्या हकिगती सांगितल्या. जहाजाच्या प्रकृतीसाठी आतील हवा गारेगार आणि उजेड मंद ठेवलेला असतो. “लाकडाची एवढी काळजी आणि माणसे कुडकुडताहेत,” असे म्हणत काकूंनी पदर लपेटून घेतला आणि आम्ही बाहेर पडलो.

स्कान्सेनला मात्र काकूंची कळी खुलली. गावोगावचे जुने जगणे कारखान्यांच्या रेट्यात पुसले जाणार, हे ओळखून आर्टुर हासेलियस या गृहस्थाने स्वीडनभरची घरे उतरवून इथे आणली, पुन्हा उभी केली आणि १८९१ मध्ये हे खुले संग्रहालय सुरू केले. आज तिथे अशी दीडशेच्या आसपास घरे आहेत. त्यांपैकी एका बुटक्या, धुराने काळवंडलेल्या घरात जुन्या वेशातली एक बाई पातळ भाकरी लाटत होती. तिच्या लाटण्याला सर्वांगभर खाचा होत्या. काकूंनी बराच वेळ निरीक्षण केले आणि अस्सल मराठीत विचारले, “खाचांच्या लाटण्याने लाटलीस, तर फुगणार कशी गं?” ती भाकरी फुगू नये म्हणूनच त्या खाचा असतात, हे त्या बाईने हातवाऱ्यांनी सांगितले. न फुगण्यासाठी मुद्दाम कष्ट घेणारी माणसे असू शकतात, हे काकूंना पटले नाही. पण दोघींचा संवाद, एकीकडून स्वीडिश आणि दुसरीकडून मराठी, उत्तम चालला होता, आणि दुभाष्या म्हणून उभा असलेला मी अडगळ झालो होतो.

बाहेर आल्यावर काकू तिकिटाकडे पाहत म्हणाल्या, “चूल, उतरंड, गोठा. हे सगळे चिपळूणच्या घरात होते. ते पाडून यांनी स्लॅब टाकला.” काकांना त्याच क्षणी समोरच्या कुंपणातल्या एल्क हरणाबद्दल तीव्र कुतूहल उत्पन्न झाले.

बाकीचे बेट चटकन आटोपले. अ‍ॅबाच्या संग्रहालयात एक टेलिफोन आहे आणि त्याचा क्रमांक त्या चार गायकांखेरीज कोणाला ठाऊक नाही, असे सांगतात. तो वाजेल म्हणून काका त्याच्याजवळ रेंगाळले. ग्रोना लुंदमध्ये ८० मीटरांवरून माणसांना खाली सोडणारा मनोरा आहे. तो पाहून काकूंनी कोपरापासून हात जोडले. इथे बहुतेक ठिकाणी रोख पैसे घेत नाहीत, त्यामुळे काकांनी मुंबईहून बदलून आणलेल्या क्रोनांच्या नोटा कडक इस्त्रीसह त्यांच्या खिशात राहिल्या आणि खर्च माझ्या कार्डावर पडत गेला, हे केवळ नोंद म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी जुन्या गावठाणातल्या नोबेल संग्रहालयात गेलो. तिथल्या उपाहारगृहातील खुर्च्यांच्या बैठकीखाली नोबेल विजेत्यांनी सह्या केलेल्या असतात, हे मी बोलून गेलो. २०१९ सालचे अर्थशास्त्राचे मानकरी अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मलेले आणि त्यांच्या आई माहेरच्या पाटणकर, ही माहिती काकांकडे तयार होती. “पाटणकरांच्या नातवाची खुर्ची पाहिल्याशिवाय मी कॉफी घेणार नाही,” असे जाहीर करून त्यांनी पहिली खुर्ची उलटी केली. मग दुसरी. ज्या देशात माणसे बसमध्ये अनोळखी माणसाच्या शेजारी बसण्याऐवजी उभी राहणे पसंत करतात, त्या देशात एक धोतरधारी गृहस्थ गुडघ्यांवर बसून टेबलाटेबलाखाली मान घालत होते आणि मी खिडकीतून बाहेरचा चौक अतिशय बारकाईने न्याहाळत होतो. एकाही स्वीडिश माणसाने हूं की चूं केले नाही. उलट कोपऱ्यातल्या एका आजीबाईंनी आपली कॉफी बाजूला ठेवली, त्या उठल्या आणि स्वतःची खुर्ची उलटी करून त्यांनी अदबीने काकांपुढे धरली.

काकांनी चष्मा पुसून सही तिन्ही बाजूंनी पाहिली. “वाचता येत नाही,” ते म्हणाले. “वैद्यकशास्त्रातला असणार.”