तो लाल स्विच 115 वर करू नका

‘जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, हे सहा घरगुती उपाय करा’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. एरवी मी असल्या मेसेजांच्या वाटेला जात नाही. पण परवा मावशीकडून काकांचा फोन आला. "अरे, मागचा लाल स्विच 115 वर करायचा ना? बिल निम्मं येतं म्हणे." काकांनी कॅबिनेट भिंतीपासून ओढून ठेवलं होतं. स्क्रू ड्रायव्हर हातातच होता. म्हणून आधी त्या स्विचबद्दल. बाकीच्या उपायांत फार तर पैसे आणि पार्ट वाया जातील, यात जिवाशी गाठ आहे.

मेसेज म्हणतो, ‘एसएमपीएसच्या मागचा लाल स्विच 230 वरून 115 वर केला की कॉम्प्युटर निम्मी वीज खातो.’ हे साफ खोटं आहे. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा. तो स्विच वीज कमी करण्यासाठी नाहीच. भिंतीतल्या सॉकेटमधून किती व्होल्ट येतात हे एसएमपीएसला सांगण्यासाठी तो असतो. अमेरिकेत 120 येतात, आपल्याकडे 230. इंटेलने पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांसाठी एटीएक्सची (डेस्कटॉपच्या नेहमीच्या साच्याची) जी डिझाइन गाइड काढली, तिच्यात हे आकडे स्वच्छ दिलेले आहेत: 115 ची रेंज म्हणजे 90 ते 135 व्होल्ट, 230 ची म्हणजे 180 ते 265. आपल्या घरातले 230 पहिल्या रेंजमध्ये कुठे बसतात ते दाखवा.

आत काय होतं तेही सांगतो. अशा जुन्या एसएमपीएसमध्ये शेजारी शेजारी दोन जाडजूड कॅपॅसिटर (वीज साठवणारे पार्ट) असतात, बहुतेक वेळा प्रत्येकावर 200 व्होल्ट छापलेलं असतं. 230 व्होल्ट एसीचं डीसी केलं की साधारण 325 व्होल्ट होतात. स्विच 230 वर असताना ते दोघांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला 162 च्या आसपास. स्विच 115 वर गेला की व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट जोडलं जातं आणि प्रत्येक कॅपॅसिटरवर पूर्ण 325 येतात. 200 सोसणाऱ्यावर 325. मोठा आवाज होतो, जळका वास सुटतो, धूर निघतो. नशीब असेल तर फ्यूज उडून तेवढ्यावर निभावतं, नसेल तर मदरबोर्ड आणि हार्डडिस्कही जाते, आणि हार्डडिस्कसोबत घरातले फोटो. बिलाचं म्हणाल तर ते युनिटवर येतं. कॉम्प्युटरला लागणारे वॅट तेवढेच राहतात, स्विच कुठेही असला तरी.

याच मुद्द्याला चिकटून आणखी एक सल्ला आहे: ‘प्लग काढून एसएमपीएस उघडा आणि पंख्यात मशीनचं तेल सोडा.’ प्लग काढला तरी ते कॅपॅसिटर लगेच रिकामे होतात असं धरून चालू नका. धक्का जोराचा बसतो. घरातल्या माणसाने एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. पंखा घरघरत असेल तर दुकानात द्या, नाहीतर एसएमपीएसच बदला, चार स्क्रू असतात.

रॅमबद्दल मेसेज सांगतो, ‘कुठलीही रॅम आणा, दाबून बसवा.’ दाबून? डीडीआर 3 आणि डीडीआर 4 या रॅमच्या दोन पिढ्या. डीडीआर 3 ची खाच वेगळ्या जागी, डीडीआर 4 ची वेगळ्या. पिनाही 240 आणि 288. एकीला 1.5 व्होल्ट लागतात, दुसरीला 1.2. खाच मुद्दाम वेगळी ठेवलीय, चुकीची बसू नये म्हणून. जोर लावाल तर स्लॉट फुटेल. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाताना जुनी रॅम काढून सोबत न्या, दुकानदार स्टिकर बघून जोडीची काढून देईल. आणि विंडोज 32 बिटची असेल तर 4 जीबीच्या वर पैसे घालू नका, ती वापरणारच नाही.

प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट लावा, असंही मेसेजमध्ये आहे: दोन दिवस चालते, मग पाणी उडून खडू होतो. थर्मल पेस्टची छोटी ट्यूब स्वस्त मिळते. विषय संपला.

एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकून दर आठवड्याला डीफ्रॅग करा, म्हणजे विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावा, हेही नको. एसएसडीला त्याचा उपयोग नाही, उगाच लिहिण्याची झीज होते. तिची निगा विंडोज स्वतः राखते.

आता मेसेजमधला खोडरबराचा उपाय. रॅमच्या सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसल्या की बीप देणारा, डिस्प्ले न येणारा कॉम्प्युटर पुष्कळदा सुरू होतो. हे खरं आहे, मान्य करावंच लागतं, रिपेअरवालेही तेच करतात. फक्त प्लग काढून, आणि रबराचा भुगा ब्रशने झटकून. एसएसडीने जुन्या मशीनमध्ये जीव येतो हेही खरं. काकांचं मशीन दुसऱ्या पिढीच्या आय 3 चं, एच 61 मदरबोर्डचं आहे. त्याचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) 3 गिगाबिटचेच, म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी हार्डडिस्कपुढे फरक डोळ्यांना दिसेल.

पण ‘एसएसडी टाकली की विंडोज 11 चालेल’ ही शेवटची ओळ पुन्हा थाप. मायक्रोसॉफ्टच्या अटींत टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आहे आणि इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे. दुसरी पिढी कुठेच नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. काकांचं काम मेल, पेन्शनची कागदपत्रं आणि यूट्यूब एवढंच आहे, त्याला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम पुरते. रविवारी जाऊन फोटो आधी पेनड्राइव्हवर घेईन, मग एसएसडी आणि मिंट. तोवर स्विच 230 वरच ठेवा, काका.