समॅरिटन म्हणजे ‘परोपकारी’ नव्हे

‘गुड समॅरिटन’ व्हा, रस्त्यावरच्या जखमींना मदत करा, कायदा पाठीशी आहे, असं सांगणारा एक संदेश सध्या खूप फिरतो आहे. हेतू चांगला, पण त्याची सुरुवात अशी: ‘समॅरिटन म्हणजे मूळ हिब्रूत परोपकारी. येशूच्या गोष्टीतून हा शब्द जन्मला. ते लोक मूर्तिपूजक होते आणि केव्हाच नामशेष झाले.’ ही चारही विधानं चुकीची आहेत.

पहिलं, अर्थ. शोमरोन ही प्राचीन इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याची राजधानी. अम्री राजाने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदीला टेकडी विकत घेतली आणि त्याच्याच नावावरून शहराला नाव दिलं, असं बायबल सांगतं. तिथले ते शोमरोनी, म्हणजेच समॅरिटन. मराठी बायबलात हाच शब्द आहे. ते स्वतः मात्र आपल्या नावाचा अर्थ ‘राखणारे’ असा लावतात, म्हणजे तोरा (मोशेचं धर्मशास्त्र) जपणारे. परोपकार दोन्हीकडे नाही.

दुसरं, गोष्ट. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूची ही गोष्ट येते तेव्हा हा शब्द जुना आणि कडवट झालेला होता. देवाचं निवडलेलं स्थान यरुशलेम की गरिज्जीम डोंगर, यावरून यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात यहुदी शासक आणि महायाजक योहान हिर्कानसने गरिज्जीमवरचं मंदिर पाडलं. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशूला हिणवायला ‘तू शोमरोनी आहेस’ असं म्हटलं आहे. अशा श्रोत्यांपुढे येशू सांगतो की यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमीला याजक टाळून गेला, लेवी (मंदिराचा सेवेकरी) टाळून गेला आणि शोमरोनी थांबला. शेवटी ‘या तिघांत शेजारी कोण ठरला?’ असं येशूने विचारल्यावर समोरचा यहुदी धर्मशास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारतच नाही. ‘ज्याने दया केली तो’ एवढंच म्हणतो. मला ही गोष्टीतली सर्वांत बोलकी जागा वाटते. शोमरोनी म्हणजेच परोपकारी असं धरलं की ती पार पुसली जाते. ‘गुड’ म्हणजे ‘चांगला’ हे विशेषणही मूळ गोष्टीत नाही, ते मागाहून चिकटलं.

तिसरं, मूर्तिपूजा. अश्शूरी (असिरियाच्या) राजांनी शोमरोन जिंकून तिथे परके लोक आणून वसवले आणि ते आपापले देव पुजत राहिले, हे बायबलातल्या ‘राजे’ या ग्रंथातलं वर्णन, आणि ते शोमरोन्यांच्या विरोधकांच्या बाजूचं. सार्गोन या अश्शूरी राजाच्या शिलालेखात शोमरोनहून २७,२९० माणसं नेल्याची नोंद आहे. म्हणजे सगळा प्रदेश काही रिकामा झाला नव्हता. शोमरोनी स्वतःला एफ्राईम आणि मनश्शे यांचे वंशज मानतात. एकच देव, मोशेची पाच पुस्तकं, शब्बाथ, सुंता हा त्यांचा धर्म. ते स्वतःला बेने इस्राएलही म्हणवतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांहून ते वेगळे, पण नाव ऐकून अलिबागकर चमकेल.

चौथं, नामशेष. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जेमतेम दीडशे उरले होते. आज आठशेंहून अधिक आहेत, नाब्लुसजवळ गरिज्जीमवर आणि तेल अवीवलगतच्या होलोनमध्ये. वल्हांडण (पासओव्हर) सणाला ते डोंगरावर आजही कोकरांचा बळी देतात.

संदेशातला कायद्याचा भाग मात्र खरा आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९च्या दुरुस्तीने त्यासाठीच मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. तो भाग जरूर पुढे पाठवा, वरच्या ओळी तेवढ्या काढून.